ब्लेड, सॅफ्रॅनिन आणि छेद वाचण्याची नजर: सपुष्प वनस्पतींच्या ऊती स्वतः कशा ओळखाव्यात

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक दृश्य हमखास दिसते. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकात क्षणभर डोकावतो, मान हलवतो आणि वहीत पुस्तकातली आकृती काढायला घेतो. त्याच्या स्लाइडवर सूर्यफुलाच्या खोडाचा जाड, अर्धवट, एका बाजूने फाटलेला तुकडा असतो. वहीत मात्र गोल गरगरीत खोड आणि एकसारखी दहा-बारा बंडले, म्हणजे पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे, उमटतात. परीक्षेत ओळखीचा नमुना आला तर हे खपून जाते. अनोळखी स्लाइड समोर आली की पंचाईत होते, कारण पाठ केलेल्या आकृत्यांमध्ये ती कुठे बसतच नाही.

या लेखात छेद, म्हणजे वनस्पतीचा अतिशय पातळ काप, घेण्यापासून तो वाचण्यापर्यंतची सगळी रीत दिली आहे. अकरावी-बारावीचे आणि बीएस्सीचे विद्यार्थी, शाळेत प्रयोग दाखवणारे शिक्षक आणि घरी सूक्ष्मदर्शक बाळगणारे हौशी लोक डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगतो. पुढचे निम्मे काम त्यावरच चालते. खोड वाऱ्याने वाकते, मूळ ओढले जाते. वाकणाऱ्या वस्तूवरचा ताण कडेला सर्वांत जास्त असतो, म्हणून खोडातल्या बळकट ऊती परिघाकडे सरकलेल्या असतात. मुळाला विहिरीच्या दोरासारखा ताण सोसायचा असतो, म्हणून तिथे बळकट भाग मधोमध एकवटलेला असतो. वनस्पतीच्या अंतर्रचनेकडे असे इंजिनिअरच्या नजरेने बघायला सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८७४ साली शिकवले. दीडशे वर्षे झाली तरी स्लाइड ओळखायला त्याच्याइतकी भरवशाची वाट मला दुसरी दिसत नाही.

काय जमवायचे

दोन्ही बाजूंना धार असलेली दाढीची नवी ब्लेड, जलरंगाचा पातळ ब्रश (शून्य किंवा एक नंबरचा), तीन-चार वॉच ग्लास किंवा उथळ वाट्या, स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, ग्लिसरीन, टिपकागद आणि एक टणक गाजर. सूक्ष्मदर्शकाला १० पट नेत्रभिंग आणि १० व ४० पट वस्तुभिंगे असली की पुरे. म्हणजे शंभर पट आणि चारशे पट वर्धन मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत ४० ऐवजी ४५ चे भिंग असते, त्याने फरक पडत नाही. संशोधक मनू प्रकाश यांचा कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोप सुमारे १४० पट दाखवतो. बंडलांची मांडणी बघायला तो चालतो, पण चाळणी नलिकांसारख्या (अन्नरस वाहणाऱ्या, चाळणीसारखी छिद्रे असलेल्या नळ्या) बारकाव्यांना अपुरा पडतो.

रंगासाठी सॅफ्रॅनिन हे लाल रंगद्रव्य. एक ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवली की एक टक्क्याचे द्रावण तयार होते. जिवाणूंच्या ग्रॅम रंजनासाठी मिळणारी सॅफ्रॅनिनची तयार बाटलीही चालते. जोडीला पातळ आयोडीन ठेवा. औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन चहाच्या रंगाइतके पातळ करून घेतले तरी स्टार्च दाखवायला पुरते. लाल शाई आणि खाण्याचे रंग सॅफ्रॅनिनच्या जागी वापरायचा सल्ला काही जण देतात. ते सगळा छेद सरसकट लाल करतात, त्यामुळे काहीच वेगळे काढता येत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

नमुना: कोणता, कुठला भाग, कोणत्या वयाचा

द्विदल खोडासाठी सूर्यफूल. शेत जवळ नसेल तर पक्ष्यांच्या खाद्यातल्या बिया डब्यात पेरा. महिना-सव्वा महिन्यात पेन्सिलीपेक्षा थोडे बारीक खोड मिळते. शेंड्याकडून तिसरे-चौथे कांडे घ्या. अगदी शेंड्याला ऊती अजून विभाजी अवस्थेत (पेशी नुसत्या विभागत असलेल्या) असतात आणि बंडलांत सांगण्यासारखे काही तयार झालेले नसते. फार खाली गेलात तर दुय्यम वाढ, म्हणजे खोड जाड होणे, सुरू झालेली असते आणि बंडलांचे कडे होऊ लागते.

एकदल खोडासाठी मका. इथे बहुतेकांची फसगत होते. मक्याच्या कोवळ्या रोपाचे जे 'खोड' दिसते ते खरे तर एकात एक गुंडाळलेली पानांची आवरणे असतात. ते कापले की कांद्यासारखी वर्तुळे दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतो. तुरा आलेले ताट घ्या, आवरणे सोलून काढा आणि तुऱ्याखालचे बारीक कांडे वापरा. ते बोटांत नीट धरता येते आणि कापायलाही मऊ असते. मका नसेल तर कर्दळीचा फुलोऱ्याचा दांडा चालतो.

मुळांसाठी हरभरा आणि मका ओल्या फडक्यात मोड आणून आठवडाभर वाढवा. छेद टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर वर घ्या. टोकाच्या अगदी जवळ जलवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या नसतात, त्यामुळे रंग धरायला तिथे काहीच नसते.

पानासाठी कण्हेर आणि ज्वारी किंवा मका. कण्हेरीचा चीक विषारी आहे. डोळ्याला हात लावू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांबरोबर हा नमुना वापरूच नका.

नमुने सकाळी तोडून लगेच पाण्यात ठेवा. कोमेजलेले खोड ब्लेडखाली दबते आणि पेशी चेपतात. दोन-चार दिवस थांबायचे असेल तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा. त्यात हिरवा रंग निघून जातो, आणि रंगवायला ते उलट सोयीचेच पडते.

छेद घेणे

इथे सावकाश जा, कारण खराब छेद पुढे कशानेही सुधारत नाही.

ब्लेड कागदाच्या वेष्टनासकट लांबीत दुमडून दोन तुकडे करा. वेष्टनाबाहेर काढून मोडू नका, तुकडा उडतो. अर्धे ब्लेड धरायला सोपे जाते आणि दुसरी धार बोटात जात नाही. नमुन्याचा तीन-चार सेंटीमीटरचा तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत उभा धरा. अंगठा तर्जनीपेक्षा थोडा खाली असू द्या, म्हणजे ब्लेड निसटले तरी अंगठ्यावर येणार नाही. नमुन्याचे वरचे टोक बोटांच्या किंचितच वर हवे. जास्त वर राहिले तर ते डुलते.

आधी एक जाड चकती कापून टाका आणि वरचा पृष्ठभाग सपाट करा. मग ब्लेड आणि नमुना दोन्ही पाण्याने ओले करा. कोरड्या ब्लेडला छेद चिकटतो आणि गुंडाळला जातो. ब्लेड आडवे, पृष्ठभागाला समांतर ठेवा आणि धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरके ओढत स्वतःकडे आणा. करवतीसारखे मागेपुढे करू नका, दाबूही नका. एका ओढीत एक छेद. हाताला लय सापडली की दहा-पंधरा छेद न थांबता घ्या. प्रत्येक छेदानंतर थांबून बघत बसलात तर लय मोडते.

छेद ब्रशने पाण्याच्या वाटीत सोडा. तीस-चाळीस छेद झाल्याशिवाय निवड करायला बसू नका. वाटीखाली काळा कागद ठेवला तर जाड छेद पांढरट आणि पातळ छेद जवळजवळ अदृश्य दिसतात. तुम्हाला अदृश्य दिसणारे हवे आहेत. खोडातल्या मूल ऊतीची (पातळ भिंतींच्या साध्या पेशींची ऊती) पेशी साधारण पन्नास ते शंभर मायक्रोमीटर रुंद असते, आणि छेद एक-दोन पेशींपेक्षा जाड झाला की एकावर एक भिंती दिसू लागतात.

पूर्ण गोल छेदाचा हट्ट धरू नका. हातानेच कापलेला छेद बहुधा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला निमुळता येतो. त्या निमुळत्या कडेला दिसणारा पाचरीएवढा भाग पूर्ण पण जाड वर्तुळापेक्षा शंभरपट कामाचा असतो. परीक्षेत परीक्षकाला पूर्ण वर्तुळ आवडते हे मान्य. तिथे दोन छेद लावा, एक पूर्ण आणि एक पातळ.

मूळ आणि पान नुसत्या बोटांत धरता येत नाहीत. गाजराचा बोटभर तुकडा घेऊन त्याला उभी चीर द्या, नमुना त्या चिरेत बसवा आणि गाजरासकट कापा. पानाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी मुख्य शिरेसकट घ्यायची. गाजराऐवजी बटाटा वापरणारे बरेच आहेत, पण बटाट्याचे स्टार्चकण छेदभर पसरतात आणि पुढे आयोडीन टाकले की सगळीकडे निळे ठिपके दिसतात. तेव्हा गाजरच बरे.

पेशी लांबट, सगळ्या एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील तर छेद तिरका गेला आहे. कडा फाटत असतील तर ब्लेड बोथट झाले आहे. मक्यासारख्या टणक खोडाला दर पंधरा-वीस छेदांनी धारेची जागा बदला.

रंगवणे आणि लावणे

निवडलेले चार-पाच छेद सॅफ्रॅनिनमध्ये दोन-तीन मिनिटे ठेवा. मग स्वच्छ पाण्यात हलवून धुवा, पाण्याला लाली येईनाशी होईपर्यंत. सॅफ्रॅनिन लिग्निन (भिंत लाकडासारखी टणक करणारे द्रव्य) असलेल्या भिंतींना घट्ट धरून राहते आणि साध्या सेल्युलोजच्या भिंतींतून धुण्यात बरेचसे निघून जाते. सगळे गडद लाल दिसत असेल तर अजून धुवा, आणि तरी जमले नाही तर पन्नास टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवून काढा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत टोल्युइडिन ब्लू मिळत असेल तर तेच वापरा, असे मी आग्रहाने सांगेन. ओब्रायन, फेडर आणि मॅककली यांनी १९६४ साली वनस्पतींच्या ऊतींसाठी ही पद्धत रूढ केली. ०.०५ टक्के द्रावणात एखादे मिनिट पुरते. एकाच रंगात लिग्निनयुक्त भिंती निळ्या-हिरव्या आणि पेक्टिन असलेल्या कोवळ्या भिंती गुलाबी-जांभळ्या होतात. आपल्याकडे अजून सॅफ्रॅनिनचीच परंपरा चालते, बहुधा सवयीने.

स्लाइडवर ग्लिसरीनचा एक थेंब ठेवा, त्यात छेद सोडा, कव्हरस्लिपची एक कड टेकवून सुईच्या आधाराने ती हळूहळू खाली आणा. जास्तीचे ग्लिसरीन टिपकागदाने काढा. हवेचा बुडबुडा राहिला तर तो जाड काळ्या काठाचे स्वच्छ वर्तुळ दिसतो. नवखे लोक त्याला मोठी जलवाहिनी समजून नावही देतात. सूक्ष्म स्क्रू किंचित फिरवला की बुडबुड्याचा काठ जाड-पातळ होतो, पेशीभिंतीचे तसे होत नाही.

आधी भिंती वाचा

नावे शोधण्याआधी फक्त भिंतींकडे बघा. भिंत पातळ आहे की जाड? जाड असेल तर सगळीकडून सारखी की फक्त कोपऱ्यांत? रंग लाल धरला आहे की नाही? एवढ्यावर तीन साध्या ऊती ओळखता येतात.

पातळ भिंती, गोलसर पेशी, मध्ये मोकळ्या जागा, रंग फिका: ही मूल ऊती, म्हणजे पॅरेन्कायमा. खोडाच्या भेंडात, म्हणजे मधल्या गाभ्यात, ती भरपूर सापडते. त्याच पेशींमध्ये मोठाल्या हवेच्या पोकळ्या असतील तर ती वायू ऊती. तिच्यासाठी जलपर्णीच्या फुगीर देठापेक्षा चांगला नमुना नाही. आपल्या नद्यांवर तो फुकट आणि नको तितका मिळतो.

कोपऱ्यांत जाड, पण लाल न होणाऱ्या चमकदार भिंती: ही स्थूलकोन ऊती, कोलेन्कायमा. तिच्यात लिग्निन नसते. पेशी जिवंत असतात आणि वाढत्या भागाला लवचिक आधार देतात. तुळशीच्या कोवळ्या चौकोनी खोडाचे चारही कोपरे तिनेच भरलेले असतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नाला तुळस उत्तम.

सगळीकडून जाड, गडद लाल, आतली पोकळी अगदी लहान: ही दृढ ऊती, स्क्लेरेन्कायमा. पेशी बहुधा मृत. लांब पेशी असल्या की तंतू. ताग आणि अंबाडीचा धागा म्हणजे खोडाच्या रसवाहिनीच्या (अन्नरस वाहणाऱ्या ऊतीच्या) भागातले असेच तंतू, घायपाताचा मात्र पानातून निघतो. आखूड आणि दगडासारख्या असल्या की अश्मपेशी. पिकलेल्या पेरूचा गर दाताखाली कचकचतो तो याच पेशींमुळे. गराचा कणभर तुकडा स्लाइडवर चेपा, सॅफ्रॅनिनचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवून बोटाने दाबा. ब्लेडची गरजही पडत नाही.

सूर्यफुलाचे खोड, बाहेरून आत

कमी वर्धनावर छेदाची एक त्रिज्या निवडा आणि परिघापासून केंद्रापर्यंत एक-एक थर मोजत जा. मधून सुरुवात करू नका.

सगळ्यात बाहेर अपित्वचा (खोडाची कातडी), एकच थर, वर उपत्वचेची (मेणचट आवरणाची) पातळ रेघ आणि अनेक पेशींचे केस. लगेच खाली दोन-चार थर स्थूलकोन ऊतीचे. वाकणाऱ्या खोडाला आधार कडेला हवा, हे सूत्र इथे दिसते. मग कॉर्टेक्सची, म्हणजे त्वचा आणि बंडले यांच्या मधल्या भागाची, मूल ऊती. तिच्या आतल्या सीमेवर एक नागमोडी थर असतो, स्टार्चने भरलेला. सॅफ्रॅनिनमध्ये तो चुकतो. त्याच खोडाचा न रंगवलेला दुसरा छेद आयोडीनमध्ये ठेवा, निळ्या-काळ्या कणांची वळणदार ओळ स्पष्ट उमटते.

त्याच्या आत बंडले एका वर्तुळात. प्रत्येक बंडलाच्या डोक्यावर लाल तंतूंची टोपी, तिच्याखाली न रंगलेली रसवाहिनी म्हणजे फ्लोएम, मग विटांसारख्या चपट्या पेशींच्या काही रांगा म्हणजे कॅम्बियम (खोड जाड करणाऱ्या विभाजी पेशी), आणि त्याच्या आत लाल जलवाहिन्यांच्या ओळी, म्हणजे झायलेम. लाल टोपी आणि लाल झायलेम यांच्यामधला फिका पट्टा अनेकांना रिकामी जागा वाटते. तिथेच सगळा फ्लोएम असतो.

झायलेममध्ये लहान तोंडाच्या वाहिन्या आधी तयार झालेल्या, त्या प्रोटोझायलेम. मोठ्या तोंडाच्या नंतरच्या, त्या मेटाझायलेम. सूर्यफुलात लहान वाहिन्या केंद्राकडे असतात. ही खूण लक्षात ठेवा, मुळात नेमके याच्या उलट दिसेल.

पाणी कुठून चढते हे प्रत्यक्ष दाखवायचे तर श्रावण-भाद्रपदात तेरड्याचे रोप घ्या. खोड पाण्याखाली कापून लाल शाई मिसळलेल्या पाण्यात ठेवा. तेरड्याचे खोड इतके पारदर्शक असते की थोड्या वेळात लाल रेघा वर चढताना बाहेरूनच दिसतात. मग आडवा छेद घ्या. लाल ठिपके फक्त झायलेमच्या जागी असतील.

फ्लोएमच बघायचा असेल तर सूर्यफूल सोडा आणि भोपळ्याचा वेल घ्या. भोपळ्याच्या बंडलात झायलेमच्या बाहेर आणि आत दोन्हीकडे फ्लोएम असतो आणि चाळणी नलिका चांगल्या रुंद असतात. छिद्रांची चाळणी चारशे पटीत ओळखता येते. थिओडोर हार्टिगने १८३७ साली चाळणी नलिका प्रथम वर्णन केल्या. भोपळ्याचे खोड कापताच जो चिकट रस बाहेर येऊन घट्ट होतो, त्यातली प्रथिने जखमेच्या जागी नलिकांची तोंडे बुजवतात. म्हणून कापल्यावर तुकडा काही मिनिटे पाण्यात ठेवा, टोक टाकून द्या आणि मग छेद घ्या.

मका

अपित्वचेखाली थेट दृढ ऊती, गडद लाल पट्टी. त्याच्या आत कॉर्टेक्स आणि भेंड असा भेद नाही, सगळी एकच मूल ऊती, आणि तिच्यात विखुरलेली बंडले. नीट बघा: ती अगदी अव्यवस्थित विखुरलेली नसतात. परिघाकडे लहान आणि दाट, मध्यावर मोठी आणि विरळ. बळ पुन्हा कडेलाच.

एक मोठे बंडल चारशे पटीत पकडा. भोवती दृढ ऊतीचे आवरण, दोन मोठ्या मेटाझायलेम वाहिन्या, केंद्राकडे एक-दोन प्रोटोझायलेम वाहिन्या आणि त्यांच्या लगत एक पोकळी. ही पोकळी कापताना झालेली फाटलेली जागा नव्हे. खोड लांब होताना सुरुवातीच्या वाहिन्या ताणून तुटतात आणि ती तयार होते. दोन मोठ्या वाहिन्यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला फ्लोएम. कॅम्बियम नाही, म्हणून दुय्यम वाढही नाही.

मूळ

हरभऱ्याच्या मुळात केस असलेली अपित्वचा, रुंद कॉर्टेक्स आणि मधोमध एक लहानसा दाट गाभा. लाल झायलेमच्या बहुधा चार भुजा केंद्राकडून बाहेर पसरलेल्या आणि त्यांच्या आळीपाळीने फ्लोएमचे पुंजके. खोडात झायलेम आणि फ्लोएम एकाच त्रिज्येवर असतात, मुळात वेगवेगळ्या त्रिज्यांवर. लहान तोंडाच्या प्रोटोझायलेम वाहिन्या इथे बाहेरच्या टोकाला. मक्याच्या मुळात हे पुंजके पुष्कळ असतात आणि मध्ये ठळक भेंड राहते.

गाभ्याभोवतीचा एक थर म्हणजे अंतस्त्वचा. तिच्या पेशींच्या आजूबाजूच्या भिंतींवर कॅस्परी पट्टी असते. रॉबर्ट कॅस्परी यांनी १८६५ साली तिचे वर्णन केले, त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. कॉर्टेक्समधून भिंतीभिंतीने झिरपत आलेले पाणी या पट्टीशी अडते आणि त्याला पेशीच्या पटलातूनच आत जावे लागते, म्हणजे कोणते क्षार आत घ्यायचे ते मूळ ठरवू शकते. हाताने घेतलेल्या छेदात ही पट्टी बहुधा फक्त एखाद्या ठिपक्यासारखी दिसते, तीही नशीब असेल तर. मक्याच्या थोड्या जून मुळात अंतस्त्वचेच्या भिंती इंग्रजी यू अक्षरासारख्या जाड झालेल्या असतात आणि झटकन ओळखू येतात. मधूनच एखादी पातळ भिंतीची पेशी प्रोटोझायलेमसमोर उरते, ती मार्गपेशी.

पान

कण्हेरीच्या पानाचा छेद बघितला की कोरडे हवामान सोसायची तयारी दिसते: जाड उपत्वचा, दोन-तीन थरांची अपित्वचा आणि पर्णरंध्रे खालच्या बाजूच्या खोल खड्ड्यांत, वर केसांचे आच्छादन. पट्टी कापताना तीत एखादा खड्डा येईलच असे नाही, म्हणून पाच-सहा छेद तपासा.

ज्वारी किंवा मक्याचे पान मात्र अजिबात रंगवू नका. ताजा छेद पाण्यातच लावा. प्रत्येक शिरेभोवती गर्द हिरव्या मोठ्या पेशींचे कडे दिसेल. गॉटलीब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकातच या रचनेला जर्मन भाषेतले 'क्रांझ' (माळ) हे नाव दिले. तिचा अर्थ मात्र हॅच आणि स्लॅक यांच्या १९६६ च्या उसावरच्या कामानंतर उलगडला. कर्ब वायू आधी बाहेरच्या पेशींत पकडला जातो आणि शर्करा तयार होते ती या कड्यात. हे घरी पडताळता येते. मक्याचे पान दुपारनंतर तोडा. अल्कोहोलचे भांडे गरम पाण्यात ठेवून त्यात पानाचा हिरवा रंग घालवा, अल्कोहोल थेट आचेवर कधीही ठेवू नका. मग छेद घेऊन आयोडीन द्या. स्टार्चची काळी वलये शिरांभोवतीच उमटतात.

याच पानाच्या वरच्या अपित्वचेत अधूनमधून फुग्यासारख्या मोठ्या पेशींचे गट दिसतील. पाण्याचा ताण पडला की त्या आकसतात. ज्वारीची पाने भर उन्हात सुरळी होतात, तेव्हा याच पेशी कामाला लागलेल्या असतात.

अनोळखी स्लाइड

पहिला प्रश्न: झायलेम आणि फ्लोएम एकाच त्रिज्येवर की आळीपाळीने? आळीपाळीने असेल तर मूळ, आणि पुंजके दोन ते सहा असतील तर द्विदल, खूप असतील आणि भेंड मोठे असेल तर एकदल. एकाच त्रिज्येवर असेल तर खोड. मग बंडले वर्तुळात की विखुरलेली, कॅम्बियम आहे की नाही. वर आणि खाली दोन अपित्वचा दिसत असतील तर पान. शंका राहिली तर प्रोटोझायलेमची दिशा निकाल लावते: केंद्राकडे असेल तर खोड, परिघाकडे असेल तर मूळ.

आकृती काढताना आधी थरांची नुसती बाह्यरेखा, मग एकाच पाचरीतल्या पेशी तपशिलाने. छायांकन नको, पेन्सिल टोकदार, नावे एका बाजूला. माप लिहायचे असेल तर नेत्रभिंगावरचा फील्ड नंबर (दृश्य वर्तुळाचा मिलिमीटरमधला आकडा) बघा. तो १८ असेल तर दहा पटीच्या वस्तुभिंगाखाली दिसणारे वर्तुळ १.८ मिलिमीटरचे असते आणि चाळीस पटीखाली ०.४५ मिलिमीटरचे.

हे प्रश्न हाताशी बसले की नियम मोडणारे नमुने मुद्दाम घ्या. पारिजातकाचे चौकोनी खोड त्यातले सर्वांत गमतीचे. नेहमीच्या वर्तुळाबाहेर, कॉर्टेक्सच्या चारही कोपऱ्यांत एकेक जादा बंडल असते, आणि त्या चौघांत झायलेम बाहेर व फ्लोएम आत, म्हणजे सगळे उलटे. छेद पेराजवळ घेऊ नका. तिथून बंडले पानांत वळतात, त्यामुळे ती तिरकी कापली जातात आणि उलटसुलट काही कळत नाही. कांड्याच्या मधोमध घ्या, कोवळी फांदी निवडा, आणि कोपरा पातळ येईपर्यंत कापत राहा.